ॲटनबरो कुठले आणि ठाणेकर कुठले?

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

१६ एप्रिल जवळ आला की बोरीबंदर-ठाणे या पहिल्या आगगाडीवरचे लेख येऊ लागतात. १८५३ साली सुरू झालेल्या त्या ३४ किलोमीटरच्या मार्गाचे कंत्राट ‘फेव्हिएल आणि फाउलर’ यांच्याकडे होते, हा तपशील त्यांत हमखास असतो. त्याला एक पुस्तीही जोडली जाते : फेव्हिएल हे नाव फ्रेंच, म्हणजे हा कंत्राटदारही फ्रेंच असणार. आडनावांबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते त्यातला मोठा दोष या एका तर्कात आहे. नाव कानाला कसे लागते यावरून घराण्याचे मूळ सांगून टाकायचे आणि ते नाव कोणत्या काळात, कोणत्या गावात, किती घरांत होते हे बघायचेच नाही. म्हणून हे जरा लांबलेले पत्र. ब्रिटनमध्ये विरळ आडनावाचे मूळ गाव ज्या रीतीने शोधतात, ती रीत ठाणे आणि नवी मुंबईतल्या नावांनाही चालते.

विल्यम फ्रेडरिक फेव्हिएल इंग्रज होते. त्यांचे नाव फेवेल, फॅविल, फोवेल अशा नावांच्या कुळातले असून ते जुन्या फ्रेंचमधल्या पिंगट रंगाच्या शब्दावरून आले असे कोशकार सांगतात. पण १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर पुढची दोन-अडीचशे वर्षे तिथल्या दरबारात आणि कचेरीत फ्रेंच चालत होती. त्या काळात पिंगट केसांच्या माणसाला पडलेले टोपणनाव पुढे वंशात टिकले, तर ते बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या भाषेची खूण ठरते. एकोणिसाव्या शतकातल्या कंत्राटदाराच्या राष्ट्रीयत्वाशी तिचा संबंध नाही. शिवाय टोपणनाव कुठेही पडू शकते. अर्थ कळला म्हणून गाव कळत नाही.

त्यांच्या भागीदाराचे नाव फाउलर, म्हणजे पक्षी धरणारा, आपला पारधी. असा माणूस जवळजवळ प्रत्येक गावाला लागायचा, त्यामुळे फाउलर घराणी शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली. या नावाचे ‘मूळ गाव’ शोधण्यात अर्थ नाही, कारण तसे एक गाव नाहीच. भोर घाटाचे काम फेव्हिएल यांनी १८५९ मध्ये सोडल्यावर ते सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे गेले. ते इथे येताच वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालवले. या ट्रेडवेल नावाचा संबंध कोशकार ओले कापड पायांनी तुडवून घट्ट करणाऱ्यांशी लावतात. त्याच धंद्यावरून इंग्लंडमध्ये आणखी तीन नावे पडली, आणि ती नकाशावर मांडली तर चक्क तीन मुलूख दिसतात : दक्षिण-पूर्वेला फुलर, नैर्ऋत्येला टकर, उत्तरेला वॉकर. म्हणजे धंद्याची सरसकट नावेसुद्धा बोलींच्या सीमा दाखवतात. घराण्याचे गाव मात्र त्यांतून हाती लागत नाही. ते मिळण्याची शक्यता असते ती विरळ नावांत.

असे एक नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे : ॲटनबरो. निसर्गपटांमुळे सर डेव्हिड ॲटनबरो आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीकाठी, ॲटनबरो नावाचे गाव आहे. तेवढ्यावरून हे घराणे तिथले असे म्हणता येईल का? लगेच नाही. ‘ॲटन बरो’ या शब्दांचा मध्ययुगीन इंग्रजीत ‘गढीपाशी राहणारा’ असाही अर्थ होऊ शकतो आणि गढ्या जागोजागी होत्या. निव्वळ शब्दावर राहिलो तर दोन्ही बाजू सारख्याच खऱ्या वाटतात. निकाल लागतो तो नोंदींवरून.

पहिले काम म्हणजे आजच्या माणसापासून मागे जाणे, आणि जाताना जन्मगाव व मूळ गाव यांची गल्लत न करणे. सर डेव्हिड १९२६ मध्ये लंडनजवळ आयलवर्थला जन्मले आणि लेस्टरमध्ये वाढले. इथेच थांबले तर नकाशावर भलतीच टाचणी टोचली जाईल. वडील फ्रेडरिक ॲटनबरो लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांचा जन्म १८८७ चा, नॉटिंगहॅमशायरमधल्या स्टेपलफर्डचा. स्टेपलफर्ड ते ॲटनबरो हे अंतर अवघे चार-पाच किलोमीटर. एकच पिढी मागे सरकल्यावर लंडनची बाजू सुटते आणि आपण ट्रेंटच्या खोऱ्यात येतो. इतके सरळ नेहमी होत नाही, म्हणून एका घराण्यावर न विसंबता त्या नावाची सगळी माणसे मोजावी लागतात.

मोजण्यासाठी सर्वांत सोयीची नोंद १८८१ च्या जनगणनेची. ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांची जनगणना १८०१ पासून होते, नावानिशी कागद मात्र १८४१ पासून सरसकट टिकले आहेत. १८४१ मध्ये ‘याच काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जन्म झाला का’ एवढेच विचारले होते आणि पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिले होते. जन्माची पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतले गाव, १८५१ पासून मिळते. म्हणून १८८१ चा आकडा राहत्या ठिकाणावरून काढावा आणि शेजारच्या रकान्यात जन्मगावावरून पुन्हा काढावा. पहिला आकडा कारखाने आणि बंदरे दाखवतो, दुसरा तुम्हाला एक पिढी मागे नेतो. दोन्ही नकाशे वेगळे दिसले तर दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवावा.

इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली : नुसत्या संख्येवर जाणे. लंडन आणि लँकेशायर इतके दाट की कोणतेही नाव घ्या, तिथे गर्दी दिसतेच. म्हणून लाख वस्तीमागे किती हे काढतात. दुसरी चूक लाखाचा हिशेब केल्यावर होते. १८८१ मध्ये यॉर्कशायरची वस्ती सुमारे २९ लाख होती आणि रटलंड या चिमुकल्या काउंटीची सुमारे २१ हजार. समजा, एखाद्या नावाची यॉर्कशायरमध्ये ५८ माणसे आहेत आणि रटलंडमध्ये तीन. हिशेबाने यॉर्कशायर लाखाला २, रटलंड लाखाला १४. नकाशावर रटलंड लालभडक होईल, पण ती तीन माणसे म्हणजे नवरा, बायको आणि तान्हे मूल, गेल्या वर्षी बदलीवर आलेले, इतकेच असू शकते. विरळ नावात माणसांऐवजी कुटुंबे मोजावीत आणि पाचापेक्षा कमी कुटुंबे असतील तिथे दर काढूच नये. मूळ गाव ठरवताना दराइतकेच महत्त्व शेजारपणाला आहे. लागून असलेल्या चार-पाच पॅरिशींत ते नाव सलग असेल तर ती जागा खरी. पन्नास मैल दूर एकटे घर असेल तर ते पांगलेले.

जनगणनेच्या मागे जायचे तर इंग्लंड-वेल्समधली सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची आहे. तिची सूची तीन-तीन महिन्यांची. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीस जन्मलेले मूल एप्रिल-जूनच्या तिमाहीत सापडू शकते. सुरुवातीच्या दशकांत कायदा सैल होता आणि काही जन्म नोंदवलेच गेले नाहीत. १८७५ पासून तो कडक झाला. आईचे माहेरचे आडनाव जुन्या तिमाही सूचीत १९११ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीपासूनच मिळते. महानिबंधक कार्यालयाने नव्याने केलेल्या सूचीत ते थेट १८३७ पासून दिले आहे. एकाच गावातली एकाच नावाची दोन जोडपी सोडवायला याच्याइतका उपयोगी दुसरा रकाना नाही.

त्याआधीचा आधार म्हणजे चर्चची वही. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन लिहून ठेवायला लावले. या वह्या अखंड नाहीत. १६४२ ते १६६० या यादवीच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात बऱ्याच गावी पाने कोरी आहेत. एखादे घराणे तिथे ‘संपले’ असे दिसते ते पुष्कळदा वही संपल्यामुळे. १५९८ पासून दरवर्षी बिशपकडे नक्कल पाठवायचा दंडक होता. मूळ वही वाळवीने खाल्ली तर ती नक्कल पाहावी. आणखी एक गोष्ट सवयीने निसटते : इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचे. फेब्रुवारी १७२० असे वहीत लिहिले असेल तर आपल्या मोजणीने ते १७२१. हे न कळल्यामुळे लग्नाआधीच मूल झाले असे वंशावळीत लिहिलेले आढळते.

वहीच्या जोडीला कराच्या याद्या ठेवतात. १६६२ ते १६८९ या काळात प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता आणि त्यासाठी घरमालकांची गाववार यादी होत असे. त्याही मागे १३७७, १३७९ आणि १३८१ चा डोईपट्टीचा कर. चौदाव्या शतकात एखाद्या टापूत नाव दिसावे, सतराव्या शतकाच्या चूलपट्टीत त्याच टापूत दिसावे आणि १८८१ मध्येही दाटी तिथेच असावी, असे तीन टप्पे जुळले की मग मूळ सांगावे. ॲटनबरो हे नाव नॉटिंगहॅमशायर आणि लागूनच्या डर्बीशायरला धरून राहिले, आणि गावावरून पडलेल्या नावाचे जसे असायला हवे तसेच हे आहे.

आता सगळ्यात वेळखाऊ भाग, शब्दलेखन. जुन्या इंग्रजी हस्ताक्षरात शब्दाच्या मध्ये येणारा ‘व्ही’ हा ‘यू’ म्हणून लिहीत. फेवेल हे नाव मग एफ-ए-यू-ई-एल-एल असे दिसते, आणि त्या ‘यू’ला ‘एन’ वाचून नकलाकार फॅनेल लिहून मोकळा होतो. मोठा ‘एफ’ काढायचा म्हणजे लहान ‘एफ’ दोनदा काढीत. संगणकावर उतरवणाऱ्याने ते तसेच दोन टंकले की नाव सूचीत भलत्याच जागी जाते. सारख्या उच्चाराची नावे एकत्र करणारी साउंडेक्स नावाची पद्धत आहे : पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, व्यंजनगटांना आकडे द्यायचे. फेवेल, फेव्हिएल, फोवेल तिन्ही तिच्यात एफ-१४० होतात, हे ठीक. पण ‘यू’ने लिहिलेले रूप एफ-४०० होते आणि फॅनेल एफ-५४०, म्हणजे ज्या जुन्या नोंदी हव्यात त्याच निसटतात. उलट ॲटनबरो आणि ॲडनब्रुक ही दोन वेगळी नावे एकाच ए-३५१ मध्ये येऊन बसतात. म्हणून साउंडेक्स पहिल्या चाळणीपुरती वापरावी. मग त्या पॅरिशच्या मूळ पानाची प्रतिमा डोळ्यांनी वाचावी आणि नाव जसे लिहिले असेल तसेच, एकही अक्षर न सुधारता, टिपून घ्यावे. सुधारलेले रूप वेगळ्या रकान्यात जाईल.

शब्दलेखन पुरावा म्हणूनही फसवे असते. मुंबई-ठाणे मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. त्यांच्या नावात मधला ‘ई’ नाही. ग्लॉस्टरशायरमधल्या प्रसिद्ध बर्कली गावाच्या नावात तो आहे, तर सॉमरसेटमध्ये फ्रूमजवळ त्या ‘ई’शिवाय लिहिले जाणारे दुसरे बर्कली गाव आहे. अक्षरे जुळली म्हणून घराणे सॉमरसेटचे असे म्हणता येत नाही. एकाच वहीत एकाच बापाच्या तीन मुलांचे आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. लिहिणारा पाद्री कानाने ऐकून लिहायचा आणि नाव सांगणाऱ्याला बहुधा लिहिता येत नसे.

शेवटचा पडताळा रक्ताचा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि इंग्लंडात आडनावही तसेच जाते. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरो नावाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुषांत वाय गुणसूत्र एकच किंवा जवळजवळ एकच निघाले. म्हणजे आज हे नाव लावणाऱ्या बहुतेकांचा मूळपुरुष एक. स्मिथ या नावात तसे काही दिसले नाही. दोन स्मिथ हे रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांइतकेच परके. उरलेल्या ॲटनबरोंचे गुणसूत्र वेगळे आहे म्हणून ते ‘खरे’ नव्हेत, असे कोणी समजू नये. दत्तक मूल, आईचे नाव लावणारा मुलगा, सावत्र बापाचे नाव घेतलेला, अशी कारणे सहाशे-सातशे वर्षांत साठतातच. तसेच एक मूळपुरुष निघाला म्हणजे सुरुवातीला हे नाव एकाच माणसाला पडले होते असेही सिद्ध होत नाही. त्या काळी चौघांना पडले असेल आणि तिघांच्या शाखा मुलगे न झाल्याने खुंटल्या असतील. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि हेन्री वॉटसन यांनी त्याचे गणित मांडले.

आता ठाणे आणि नवी मुंबई. गावावरून नाव पडण्याचा नियम दोन्हीकडे सारखाच : गावात राहणाऱ्याला गावाचे नाव लागत नाही, ते लागते गाव सोडल्यावर. सगळेच ठाण्याचे असतील तिथे ठाणेकर म्हणून कोणाला ओळखणार? त्यामुळे ठाणेकर, पनवेलकर, बेलापूरकर, कल्याणकर या नावांची दाटी त्या-त्या गावात शोधणे चुकीचे. ती घराणी जिथे जाऊन स्थिरावली तिथल्या नोंदी काढाव्या लागतील. पाटील हे नाव हुद्द्याचे, गावागणिक वेगळे घराणे, फाउलरच्याच पंक्तीतले. म्हात्रे हे नाव काही जण ‘महत्तर’ या जुन्या अधिकारवाचक शब्दाशी जोडतात. ते मान्य केले तरी म्हात्र्यांचे मूळ कोणत्या गावात, याला उत्तर मिळत नाही. ते मिळवायचे तर मढवी, केणी, घरत, भोईर, तांडेल यांसारखी नावे गावठाणवार मोजायला हवीत.

आपल्याकडे जनगणनेचे वैयक्तिक तक्ते कायद्यानेच बंद आहेत, म्हणून आधार दुसरे. मतदार यादी भागवार मिळते. गावठाणाचा भाग आणि सेक्टरचा भाग कटाक्षाने वेगळा ठेवावा. घणसोली गाव आणि घणसोलीचे सेक्टर एकत्र मोजले तर १८८१ च्या लंडनसारखीच फसगत होईल. एका घरक्रमांकाचे एक कुटुंब धरावे, नाहीतर मोठे एकत्र कुटुंब असलेले नाव उगाच फुगते. हेन्री गपी यांनी १८९० मध्ये इंग्रजी आडनावांची काउंटीवार मोजणी केली तेव्हा फक्त शेतकरी मोजले, कारण शेतकरी जागा सोडत नाही. आपल्याकडे त्याच तोडीचे साधन आहे : १९७० मध्ये सिडको आल्यावर नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, तिथल्या खातेदारांच्या भूसंपादन निवाड्यातल्या गाववार याद्या. शहर वसण्यापूर्वीची आगरी-कोळी गावे त्यांत जशीच्या तशी आहेत. त्यामागे फेरफार आणि शाळांची जनरल रजिस्टरे. फेरफारात जसजसे मागे जाल तसतसे आडनाव गळत जाते आणि ‘अमुक बिन तमुक’ एवढेच राहते. आडनाव नाही म्हणून ती नोंद टाकून देऊ नये. गट क्रमांकावरून खाते पुढच्या पिढीशी जोडता येते आणि आडनाव कोणत्या साली कागदावर चढले हेही तिथेच कळते. ठाण्या-वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आडनाव धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा पाद्र्याकडून आलेले असते. त्यावरून पोर्तुगीज रक्त काढणे म्हणजे फेव्हिएलना फ्रेंच ठरवण्यासारखेच.

लिपीचा घोळ इथेही आहे, उलट दिशेने. मढवी हे नाव रोमनमध्ये एम-ए-डी-एच-ए-व्ही-आय असे लिहितात आणि यंत्राने ते परत देवनागरीत आणले की माधवी होते. एका यादीत बाप मढवी आणि मुलगा माधवी असे झाले की मोजणी बिघडलीच. म्हणून देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपे, कागदाचा प्रकार, वर्ष, पान आणि लिपी मोडी की बाळबोध, इतके रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत. नंतर भरायचे म्हटले तर सगळे कागद पुन्हा उघडावे लागतात.

ठाण्यात दफन झालेल्या किंवा इथे लग्न लागलेल्या ब्रिटिशांची नावे ज्यांना शोधायची असतील त्यांच्यासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरातली एन-३ ही मालिका आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला तिच्यात आहेत.

आपल्याला विनंती दोन. रेल्वेच्या किंवा ठाण्याच्या इतिहासावर लेख छापताना परकी आडनावे एकाच रूपात छापावीत आणि पहिल्या उल्लेखात त्यांची रोमन अक्षरे सांगावीत. फेव्हिएल आणि फेवेल हे देवनागरीत एकमेकांत मिसळले की वाचकाला पुढे काही शोधताच येत नाही. दुसरी विनंती ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना, आपल्या मार्फत : १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखी संस्था सोबत घेऊन निदान दिवे, घणसोली, करावे, दिवाळे आणि शहाबाज या पाच गावठाणांची नाववार मोजणी या वर्षी करावी. गावठाणे पुनर्विकासात जाऊ लागली आहेत. घरक्रमांक बदलले की मतदार यादी आणि निवाड्याची यादी एकमेकांना जोडणारा दुवाच उरणार नाही.

आपला,
आडनावांचा एक अभ्यासक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)